होसियत आपाची मोकळी रेघ

होसियत आपा लग्नाला यायची ती कानात कापूस घालून. आता तुम्हीच सांगा, ताश्कंदमध्ये राहायचं आणि लग्नात कानात कापूस घालायचा, हे कुणाला पटेल? दारात दोघं जण माणसाएवढे लांब कर्णे आभाळाकडे करून फुंकतायत, डफवाले नुसते पेटलेत, नवरीची आई डोळे पुसतेय, आणि ही बाई डोक्याच्या रुमालाखाली कापूस कोंबून मख्ख बसलेली. तिच्या नणंदा मुद्दाम तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या, "आमच्या वहिनीला आमचं सुख ऐकवत नाही बरं का." तिला टोमणा कळायचा, पण कापूस काही निघायचा नाही. "कान माझे असले तरी त्यांच्यावर कारखाना चालतो," म्हणायची. "लग्न आज आहे. सोमवारी मी कशाने ऐकू, तुमच्या डोंबलाने?"

अशी ही बाई. तोंडाने फटकळ, नाकावर राग, आणि कान असे की रेडिओवरच्या एखाद्या गवयाने नवे दात बसवले तर तिला पहिल्या ओळीत कळायचं. मी मस्तुरा, तिच्या शेजारच्या खोलीत कोरायच्या यंत्रावर बसायचे. रेडिओकडून गाण्याची टेप आली की आधी ती होसियत आपाकडे जायची. ती टेप तयार करायची, मग मी ती चकतीवर कोरायचे, आणि त्या चकतीवरून साचा काढून पुढे तबकड्या निघायच्या. 'तयार करायची' म्हणजे नेमकं काय करायची, हे माझी सासू मरेपर्यंत विचारत होती. तिला वाटायचं, गाणारा गातो, यंत्र दाबतं, मग मध्ये या दोन बायका दिवसभर करतात काय?

तर ऐका. टेपवर काहीही मावतं. ढोल बडवा नाहीतर किंचाळा, टेपला काही फरक पडत नाही. तबकडीचं तसं नसतं. तिथे आवाज म्हणजे खरोखरची एक रेघ असते, केसासारखी बारीक, बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल आत जाणारी. डफाचा खोल ठोका आला की ही रेघ एवढं मोठं वळण घेते की शेजारच्या फेऱ्यात घुसते, आणि मग घरी तुमची सुई उडी मारते. 'स' नि 'श' जरा तिखट लागले की थुंकी उडाल्यासारखं ऐकू येतं. पण खरी गोम पुढेच आहे. रेघ जसजशी मध्याकडे जाते तसतसा फेरा आखूड होत जातो. तबकडी फिरायची त्याच वेगाने फिरते, पण आवाजाला जागा कमी मिळते. बाहेरच्या अंगाला गाणं ऐसपैस पाय पसरून बसतं, आत गेलं की त्याला उकिडवं बसावं लागतं. अशा अडचणीच्या जागी कुणी उंच, भरदार सूर लावला की तो फाटलाच म्हणून समजा.

आणि आमची गाणी कशी? आमचा गवई सुरुवातीला आपल्याशीच बोलल्यासारखा गातो. मग एकेक पायरी चढतो, आणि अगदी शेवटी जेवढा म्हणून जीव आहे तेवढा घशात आणून वर पोचतो. त्या चढणीला आम्ही औज म्हणतो. लोक तेवढ्यासाठी बसलेले असतात. म्हणजे गाणं शेवटी चढतं आणि तबकडी नेमकी शेवटी दमते. होसियत आपाचा अर्धा जन्म या एका भांडणात गेला. ती ब्लेडने टेप तिरकी कापून जोडायची, टोचणारे 'श' एकेक करून बसवायची, डफाचा ठोका असा आवरायची की तो गेलाय असं कुणाला वाटू नये आणि सुईही जागेवर राहावी. तरुणपणी ती हे सगळं लेनिनग्राडला शिकून आली होती. तिथे ती भाताच्या आठवणीने रडायची, असं एकदाच मला म्हणाली आणि लगेच दटावलं, "कुणाला सांगशील तर बघ."

त्या वर्षी वसंतात फरगण्याकडची एक टेप आली. मार्गिलानचे दोन म्हातारे हाफिज, म्हणजे गवई, तोजीमत आणि सोयिबजान. त्यांच्याकडे ज्याला 'मोठं गाणं' म्हणतात ते दोघं मिळून गायलेलं. साथीला कुणी नाही. दोघांनी उभं राहायचं, हातात बशी घ्यायची, ती गालाशी धरून आवाज पुढे फेकायचा. एकाने एक कडवं म्हणायचं, दुसऱ्याने ते जिथे सोडलं तिथून आणखी वर न्यायचं. पाळीपाळीने. हे दोघं चाळीस वर्षं एकमेकांबरोबर गात होते. रेडिओने त्यांना शरदात बोलावून टेप केलं, आणि थंडीत सोयिबजान हाफिज गेले.

मी पहिली चकती कोरली, तिच्यावरून नमुन्याच्या तबकड्या निघाल्या, आम्ही ऐकायला बसलो. सगळं सुरेख. शेवटी सोयिबजानचं औज आलं आणि कढईत काहीतरी पडल्यासारखं तडतडायला लागलं. होसियत आपाने सुई उचलली आणि तबकडी खोक्यात सारली.

नाईल आका, म्हणजे आमच्या विभागाचा प्रमुख, वाईट माणूस नव्हता. पण त्याला प्रत्येक गोष्ट आजच्या आज संपवायची असायची. तो म्हणाला, "आपा, सोपं आहे. मधली दोन कडवी काढा. गाणं आखूड झालं की औज बाहेरच्या अंगाला सरकेल, फाटणार नाही."

"सोपं आहे तर तूच काढ," आपा म्हणाली. "हे घे ब्लेड."

"तसं नाही हो. रेडिओवाले टेप परत मागतायत."

ते ऐकून आपाचा चेहरा उतरला. रेडिओकडे कोऱ्या टेपची कायमची रड. परत गेलेली टेप पुसायची आणि तिच्यावर कापसाच्या पिकाच्या बातम्या भरायच्या, हा तिथला शिरस्ता. म्हणजे सोयिबजानचा आवाज जगात कुठे राहणार असेल तर तो आमच्या तबकडीवर. तबकडीवर तडतडला तर कायमचा तडतडणार, आणि कापला तर कायमचा कापला जाणार.

दोन दिवसांनी फाटकावरून निरोप आला, एक म्हातारबाबा आलेत आणि हलायला तयार नाहीत. बघते तर तोजीमत हाफिज. रेघांचा लांब चपान, म्हणजे आमचा अंगरखा, कमरेला फडकं, काखेत दोन मोठ्या मार्गिलानी रोट्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नमुना निघालाय. होसियत आपा त्यांना खोलीत घेऊन आली, खुर्ची दिली, आणि काहीही न लपवता तबकडी लावली.

हाफिजबाबा मान खाली घालून ऐकत होते. शेवट आला, तडतड झाली. मग म्हणाले, "हा सोयिब नाही. हे कुणीतरी कांदा तळतंय."

नाईल आका तिथेच होता. त्याने समजावून पाहिलं, "बाबा, मधली दोन कडवी गाळली तर शेवट साफ येईल."

"त्या दोन कडव्यांत तो चढतो. जिन्याच्या पायऱ्या काढून घेतल्यावर माणूस माडीवर जाईल कसा?"

"मग आवाज जरा बारीक करू," आपा म्हणाली. तिच्याही जिवावर आलं होतं ते म्हणणं. "फाटणार नाही, पण लांबून येतोय असं वाटेल."

"पोरी," बाबा म्हणाले. आपाला पोरी म्हणणारं तेव्हा दुसरं कुणी उरलं नव्हतं. "सोयिब गायला लागला की नदीपलीकडची बाई चूल सोडून यायची. तो लांबून येत नसे. तुला जमत नसेल तर तसं सांग, मी परत जातो. पण बारीक करू नकोस."

तुला जमत नसेल तर. हे वाक्य होसियत आपाला कुणी याआधी ऐकवलं असेल असं मला वाटत नाही. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही बाबांवर घसरते. पण ती उठून म्हणाली, "जेवायची वेळ झाली. चला, आधी दोन घास खाऊ."

कँटीनमध्ये शोरबा होता. बाबांनी आपल्या रोट्या मोडून सगळ्यांपुढे ठेवल्या. नाईल आकाही येऊन बसला. चहा आला, आपाने तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला आणि बाबांना अर्धा पियाला दिला, मानाने. ते बोलायला लागले. रडगाणं नव्हतं ते, आपलं सोयिबजानच्या खोड्या सांगणं चाललं होतं. सोयिबला गाण्याआधी मुळा खायची सवय, शेजारी उभं राहवायचं नाही. मग टेप केली त्या दिवसाची गोष्ट निघाली.

"त्याचं औज झालं. आता माझी पाळी. त्याने जिथे सोडलं तिथून मी उचलायचं. श्वास घेतला, बशी वर केली, आणि काचेमागचा माणूस हात हलवायला लागला. टेप संपली म्हणे. मी म्हटलं, अहो माझी पाळी राहिली. सोयिब हसला. म्हणाला, जाऊ दे रे तोजी, पुढच्या वेळी तू आधी चढ."

बाबांनी आपल्या पियाल्याखालची बशी काढून घेतली, पुसली, गालाशी धरली. "असा चढायचा तो," म्हणाले आणि सोयिबजानच्या कडव्याची पहिली ओळ हलक्या आवाजात म्हटली. हलक्या म्हणजे त्यांच्या मानाने. पलीकडच्या टेबलावरचे चमचे थांबले. आणि आमच्या नाईल आकाची बोटं, कधी सुरू झाली त्यालाही कळलं नसेल, टेबलावर ठेका धरायला लागली. आमच्यातला कुणीही धरेल. गाणं म्हटलं की डफ आलाच, तो नसला तर आपली बोटं आहेत.

बाबा गायचे थांबले. "बोटं आवर रे बाळा. यात डफ नसतो."

"चुकलं, बाबा," नाईल आका ओशाळला.

होसियत आपाचा पियाला ओठांशी तसाच राहिला. मग तिने तो एवढ्या जोरात खाली ठेवला की चहा माझ्या बाहीवर आला.

"गाढवीण आहे मी," ती म्हणाली. "यात डफ नसतो. मस्तुरा, यात डफ नसतो."

"हो आपा. ते सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग तू आणि मी त्याला जागा कुणासाठी सोडली?"

मला कळायला एक क्षण लागला, आणि मग मी कपाळाला हात लावला. आमच्या कारखान्यात आमच्या मुलुखाचं कुठलंही गाणं आलं की रेघांमध्ये अंतर ठेवायचं ते ठरलेलं, मोठं. कारण डफ असणारच, आणि त्याच्या ठोक्याला वळायला जागा लागणारच. वर्षानुवर्षं हात तसाच बसला होता. विचार करायची वेळच येत नसे. आणि इथे दोन म्हातारे नुसत्या गळ्याने गातायत, खोल आवाजाचा पत्ता नाही, आणि आम्ही त्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये न येणाऱ्या डफासाठी शेत मोकळं सोडलंय. त्या रेघा दाटीने बसवल्या असत्या तर गाणं कमी जागेत संपलं असतं. औज मध्यापर्यंत पोचलंच नसतं, बाहेरच्या ऐसपैस फेऱ्यावर बसलं असतं. कापायची गरज नव्हती, बारीक करायचीही नव्हती.

आपा उठून चालायला लागली. बाबांना म्हणाली, "तुम्ही ताश्कंदात कुठे उतरलाय? भाचीकडे? मग राहा अजून. रोज सकाळी इथे या. मला हे गाणं शिकायचंय."

"तू गाणार?"

"माझा गळा ऐकाल तर पळून जाल. मला फक्त कुठे मोठं होतं ते शिकायचंय."

तेही सांगते. दाटीने बसवायचं म्हणजे सगळीकडे सारखं दाटीने नाही. सूर मोठा झाला की रेघेला थोडी जागा द्यावी लागते, आणि ती सूर येण्याच्या एक फेरा आधी द्यावी लागते, नाहीतर उशीर होतो. चांगल्या यंत्राला यासाठी एक आगाऊ ऐकणारा कान असतो. आमच्या यंत्राचा तो कान केव्हाच बिघडलेला, आणि सुटा भाग यायचा तो वर्षानुवर्षं येतच होता. तेव्हा तो कान होसियत आपालाच व्हायचं होतं.

मग रोज सकाळी ती, बाबा आणि ती टेप. नाईल आका रेडिओवाल्यांना थापा मारून थकला. एकदा आपाच्या खोलीत येऊन म्हणाला, "आपा, माझ्या डोक्यावर बसलेत ते लोक." आपाने त्याला चहाचा पियाला काठोकाठ भरून दिला. आमच्याकडे पियाला काठोकाठ भरून दिला म्हणजे, पी आणि ऊठ. नाईल आका बिचारा उभ्याउभ्याच प्यायला आणि गेला. पण मी त्याला फोनवर बोलताना ऐकलंय, "टेप शोधतोय हो, कपाटात खूप आहेत." तो आमच्याच बाजूचा होता.

बाबा तिला शिकवायचे ते सूर नव्हेत, श्वास. "इथे सोयिब नाकाने घेतो, म्हणजे पुढचं साधं आहे. इथे बघ, तोंडाने घेतला, आता सांभाळ." आपा डोळे मिटून ऐकायची आणि हवेत हात वर-खाली करायची. ट्रामसाठी उभी असतानाही तिचा हात चालायचा. लोक बघायचे. एकदा एका बाईने मला विचारलं, "तुमच्या आपाला बरं नाही का?" मी म्हटलं, "गाणं लागलंय."

कोरायला दिवस मिळाला तो सुबोतनिकचा. एप्रिलमधला तो शनिवार, सगळ्यांनी फुकट झाडलोट करायची, झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा, पाण्याचे पाट उपसायचे. त्या दिवशी दाबयंत्रं बंद असतात. एरवी ती चालू असली की आमची जमीन थरथरते, आणि एवढ्या दाटीच्या रेघांना ती थरथरही चालणार नव्हती. सगळे फावडी घेऊन अंगणात, आणि आम्ही दोघी आत, दाराला कडी लावून.

चांगल्या कोऱ्या चकत्या दोनच उरल्या होत्या. एक मी ठेवली, सुई टेकवली. सुई कोरत जाते तसा काळा बारीक धागा निघतो, तो एका नळीने ओढून घ्यायचा असतो. अर्ध्या गाण्यात तो धागा नळीतून निसटला, सुईखाली गुंतला, आणि चकती गेली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आपा शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, "नळी पूस. हात धू. एक पियाला पाणी पी. आपल्याकडे अजून एक आहे." एवढ्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसरी चकती लावली. आपा माझ्यासमोर उभी राहिली, पाठ टेपकडे. मी डोळे तिच्या हातावर ठेवले आणि बोटं अंतराच्या चाकावर. तिचा हात खाली, म्हणजे दाट. हात उघडला, म्हणजे सोड. ती प्रत्येक वेळी गाण्याच्या आधी हलत होती. आधी तिचा हात उघडायचा, मी चाक फिरवायचे, आणि मग तोजीमतबाबांचा आवाज उसळून यायचा. बाहेर कुणीतरी फावड्याने दगड खरवडत होतं, कुणीतरी हसत होतं. आपाच्या कपाळावर घाम होता, डोळे मिटलेले. तिने एकदाही मागे वळून टेपकडे पाहिलं नाही. मी तिच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं, भांडले, रुसले, पण त्या सकाळी मला वाटलं की या बाईची चप्पल उचलायलाही मला लाज वाटणार नाही.

सोयिबजानने तोंडाने श्वास घेतला. तिचा हात त्याआधीच पूर्ण उघडलेला होता. मग ते औज आलं, आणि मी चकतीकडे पाहिलं, तर सुई अजून बाहेरच्या बाजूलाच होती, मध्यापासून चांगली चार बोटं लांब. सूर संपला. टेपचं शेपूट फडफडायला लागलं. मी सुई उचलायला हात नेला.

"उचलू नकोस," आपा म्हणाली.

"आपा, संपलं."

"कोरत राहा. दाट."

"काय कोरू? काही नाहीये."

"काही नाही तेच कोर."

मी कोरत राहिले. सुई शांततेची रेघ ओढत होती, काळा धागा नळीतून जात होता. आपा तशीच उभी होती, ओठ हलत होते, हात हळूहळू उघडत गेला, मग मिटला. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली आणि मी सुई उचलली. मला वाटलं, थकव्याने हिचं डोकं फिरलंय. विचारलं तर म्हणाली, "चुना लावायला चल, नाहीतर तो नाईल आपली हजेरी लावणार नाही."

नमुना निघाला तेव्हा नाईल आकाने तबकडी उजेडात धरली. "आपा, औज लखलखीत आहे, हात जोडतो तुम्हाला. पण शेवटी हे काय? आवाज नाही, नुसती रेघ चाललीय. आणि मध्ये ही एवढी पडीक जमीन. लोक म्हणतील कारखान्याने अर्धीच तबकडी दिली."

"म्हणू दे."

"वरून विचारतील ना मला."

"सांग, म्हातारीचा हट्ट आहे. यंदा निवृत्त होतेय, जाता जाता एक हट्ट पुरवला." आणि तिने किटली हातात घेतली. नाईल आकाने पियाला किती भरतेय ते बघायची वाट पाहिली नाही, सही करून गेला. दुसऱ्या दिवशी टेप रेडिओकडे गेली. त्या टेपवर नंतर काय भरलं ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये तबकड्या तयार झाल्या तेव्हा आपा म्हणाली, "चल मार्गिलानला. पोस्टाने पाठवायची ही गोष्ट नव्हे." आम्ही पोचलो तेव्हा बाबांच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली अर्धी गल्ली जमली होती. सोयिबजानची बायको, सुना, शेजारी, सगळे. बसायच्या ऐसपैस लाकडी चौकीवर जर्दाळू, रोट्या, आणि कुणाच्या तरी घरून आणलेलं वाजवायचं यंत्र. आपा चौकीच्या कोपऱ्यावर बसली. मी तिच्या रुमालाकडे निरखून पाहिलं. कापूस नव्हता.

तबकडी लागली. दोघं गायला लागले, एक मेलेला, एक समोर बसलेला. बाबा मांडीवर हात ठेवून स्थिर. कडवी चढत गेली. औज आलं, आणि खरं सांगते, पलीकडच्या घरातली एक बाई पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. एकही तडतड नाही. सोयिबजान अंगणातच उभे आहेत आणि त्यांना कुणी थांबवू शकत नाही, असं वाटलं. त्यांची बायको पदरासारखा रुमाल तोंडावर धरून रडत होती.

सूर संपला. लोकांनी श्वास सोडला, कुणी चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा म्हणायला लागलं. यंत्राशेजारी बसलेल्या बाबांच्या जावयाने सुई उचलायला हात पुढे केला, तर होसियत आपाने त्याचं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली.

तबकडी फिरत होती. तिच्यातून काही येत नव्हतं, नुसता बारीक सळसळणारा आवाज, कुणीतरी शेजारी उभं राहून वाट बघत असल्यासारखा. बाबांनी वर पाहिलं. आधी तबकडीकडे, मग आपाकडे. आपाने फक्त हात हळूच उघडला, जसा त्या शनिवारी माझ्यासमोर उघडला होता.

बाबांनी पियाला खाली ठेवला, बशी घेतली, फडक्याने पुसली. उभे राहिले. श्वास घेतला, तोंडाने. आणि सोयिबजानने शरदात जिथे सोडलं होतं तिथून उचललं.

सत्तरी उलटलेल्या माणसाचा आवाज होता तो, मध्ये एकदा चिरकलाही. कुणी बोटांनी ठेका धरला नाही. मी काळ्या तबकडीवरच्या त्या रिकाम्या रेघेत चाललेल्या सुईकडे बघत होते, आणि होसियत आपाचे ओठ हलत होते, त्यांच्या थोडे आधी. बाबांचं कडवं संपलं तेव्हा सुई अजून मध्याला पोचली नव्हती. ते बशी छातीशी धरून धापा टाकत उभे राहिले, आणि तेवढा वेळही रेघ चालू होती.